घर ते घर एकतीस तास

"इथून तिथे किती तास लागतात?" असं कुणी विचारलं की मी आधी त्याच्याकडे चष्म्यावरून बघते. मग विचारते, "कुठून कुठे? विमानाच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत, की तुमच्या घरापासून त्यांच्या घरापर्यंत?" माणूस गोंधळतो. गोंधळू दे. बत्तीस वर्षं तिकिटं विकतेय, एवढा हक्क आहे मला.

हल्ली सगळे घरूनच बघून येतात. मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकली की आकडा येतो. इतके हजार किलोमीटर, इतके तास आणि वर इतकी मिनिटं. ती मिनिटं बघून तर माझं डोकंच फिरतं. अरे, तुमच्या टॅक्सीवाल्याला वळण सापडेपर्यंत ती मिनिटं उडून जातात! आणि किलोमीटर म्हणजे काय, तर पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर जेवढा भरेल तेवढा. त्या दोऱ्यावरून कुणी जात नाही. मध्ये उतरावं लागतं, बूट काढावे लागतात, तीन ठिकाणी तोच पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि शेवटी फिरत्या पट्ट्यावर आपली सोडून सगळ्या जगाच्या बॅगा येतात.

म्हणून मी प्रत्येक तिकिटाच्या पाकिटावर मागच्या बाजूला पेनानं लिहून देते, "घर ते घर, अमुक तास." आमचं ऑफिस एका चपलांच्या दुकानावर आहे, जिना अरुंद, काचेच्या दारावरचं विमान अर्धं खरवडलं गेलेलं. पण त्या पाकिटासाठी लोक जिना चढून येतात. तिकडे पोचल्यावर फोन करतात, "बाई, फक्त वीस मिनिटं चुकलात." मी म्हणते, "चुकले नाही, तुम्ही वाटेत चहा प्यालात." आणि खरंच प्यालेले असतात.

एकच गणित मी करून देत नाही. "बाई, आई फार सिरियस आहे, पोचेन का?" असं विचारणारे वर्षातून चार-पाच तरी येतात. मी तिकीट काढून देते, पाकीट कोरं ठेवते. मालक एकदा म्हणाले, "अहो, लिहा की, तेवढाच त्यांना धीर." मी म्हटलं, "धीर तुम्ही द्या. मी तिकीट देते." तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

त्याला कारण माझा भाऊ.

माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. लहानपणी इतका गुटगुटीत होता की सगळे ढब्बू म्हणायचे. आता काडी झालाय, पण माझ्यासाठी ढब्बूच. शिकायला म्हणून गेला तो पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथलाच झाला. त्याचा विमानतळ आणि आमचा विमानतळ यात तेरा हजार किलोमीटर. हवेत सतरा तास, मध्ये पाच तास एका तिसऱ्याच विमानतळावर बाकावर बसून. मोबाइल तुम्हाला एवढंच सांगेल. माझा हिशेब असा: त्याच्या घरापासून विमानतळ आणि तिथली रांग मिळून पाच तास, दोन विमानं आणि मधलं बसणं बावीस, इकडे उतरल्यावर शिक्का, बॅग आणि टॅक्सी मिळून तीन. झाले तीस. आणि एक तास वरचा, कारण ढब्बूला निघताना चावी कधीच सापडत नाही. घर ते घर एकतीस.

हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की काच घासता घासता सांगायचे, "माझा मुलगा एकतीस तासांवर असतो." किलोमीटर त्यांनी कधी सांगितले नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते. ढब्बू तोवर चार वर्षं आला नव्हता. दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की." मी त्याला आदल्या दिवशी कळवलं होतं की तब्येत बरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "एक दिवस धरून चला. थोडं इकडे-तिकडे." मी ढब्बूला फोन लावला. बरोबर अकरा वाजले होते, समोरच भिंतीवर घड्याळ होतं.

"ताई, पोचेन का?" त्यानं विचारलं.

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण सांगते. मला त्या क्षणी राग आला. बाबांचा नाही, स्वतःचाही नाही, त्याचा राग. चार वर्षं याला वेळ नव्हता, आणि आता मी याला गणित करून द्यायचं? मी म्हटलं, "डॉक्टर एक दिवस म्हणतात. तुला एकतीस तास. कशाला धावपळ करतोस? नको येऊस."

तो म्हणाला, "बरं."

आत गेले तर बाबांनी डोळे उघडले. "निघाला का?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो बाबा, निघाला."

मग काय, एकदा निघाला म्हटल्यावर त्याला पोचवणं आलं. बाबा थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, "कुठवर आला?" आणि मी, बत्तीस वर्षांचं कसब पणाला लावून (तेव्हा तेवीसच झाली होती), त्यांना सांगायची. आता चावी शोधतोय. आता टॅक्सीत बसला. आता रांगेत आहे. "खिडकी मिळाली का त्याला?" बाबांनी विचारलं. लहानपणी बसमध्ये खिडकीसाठी आम्ही दोघं एकमेकांच्या झिंज्या उपटायचो. मी म्हटलं, "मिळाली." आता उडालं. आता समुद्रावर असेल. आता बाकावर बसलाय, पेंगतोय. आता दुसऱ्या विमानात चढला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला बाबा गेले. माझ्या हिशेबानं तेव्हा विमान उतरायला एक तास होता आणि ढब्बूला त्यांच्या खाटेशी यायला चार.

सत्तावीस तास काढले त्यांनी. एकतीस वजा सत्तावीस, चार. नऊ वर्षं मी या चार तासांवर जगले. मी रागानं बोलले, हे खरं. बाबांशी खोटं बोलले, हेही खरं. पण तो निघाला असता तरी पोचला नसता, चार तास कमीच पडले असते. उशीला डोकं टेकलं की मी ही वजाबाकी करायची आणि मगच मला झोप लागायची.

ढब्बू नंतरही आला नाही. "आता येऊन काय करू?" म्हणाला. दर रविवारी फोन यायचा. तिकडची थंडी, इकडचा उकाडा, गुडघे, दात. त्या दिवशीच्या अकराच्या फोनबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, आणि मीही नाही.

आणि या वर्षी अचानक, "ताई, दहा दिवस येतो. तुला साठावं लागायच्या आत बघून घेतो."

"बघायला मी काय संग्रहालयात ठेवलेय का?" मी म्हटलं. पण त्याचं नाव टाइप करताना दोनदा चुकले. जायचं-यायचं मीच काढलं. आमच्याकडे तो नियमच आहे. घरातल्या कुणी दुसरीकडून तिकीट काढलं तर त्यानं माझा उंबरा चढायचा नाही. चुलत बहिणीच्या नवऱ्यानं एकदा इंटरनेटवर काढलं होतं, तर मी दोन वर्षं त्याच्याशी बोलले नव्हते. उगाच का? बत्तीस वर्षं हेच करतेय, आणि घरचेच लोक चार पैसे वाचतात म्हणून मला टांग मारणार?

ढब्बू आला. घर ते घर एकतीस तास दहा मिनिटं. केस पांढरे, पोट आत, हसू तेच. आठ दिवस बरे गेले. तो माझ्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करायला गेला आणि चांगला होता तो दुसराही बिघडवून ठेवला. मी ओरडले, तो हसला. बाबांच्या खोलीत झोपायचा.

नवव्या दिवशी दुपारी ऑफिसातून फोन आला की परतीच्या विमानाची वेळ चाळीस मिनिटांनी पुढे ढकललीय. ढब्बू नळवाल्याला शोधायला गेला होता. तिकिटावर नवी वेळ लिहायला मी त्याचं पासपोर्टचं पाकीट उघडलं. कुणाचं सामान न विचारता उघडू नये, ठाऊक आहे. पण तिकिटाच्या बाबतीत मला ही अक्कल कधीच आली नाही.

पासपोर्टच्या कव्हराच्या आतल्या कप्प्यात एक जुना बोर्डिंग पास होता. शाई उडून पार फिकट झालेली. मी तो सहज खिडकीशी तिरका धरला. असले कागद मी हजारांनी पाहिलेत, वाचावेही लागत नाहीत. त्याचा विमानतळ. चौतीस ए, म्हणजे खिडकी. आणि तारीख.

तारीख त्या दिवसाची होती.

मी कागद उलटा केला, सुलटा केला. बोर्डिंग पासाला मध्ये टोचे मारलेली रेघ असते. गेटवरचा माणूस तिथून फाडतो, मोठा तुकडा ठेवून घेतो, छोटा आपल्या हातात देतो. विमानात चढलेल्या माणसाकडे फक्त छोटा तुकडा उरतो. हा पास अख्खा होता. दोन्ही भाग एकमेकांना चिकटलेले, रेघ जशीच्या तशी.

चढायची वेळ खाली छापली होती. तिकडच्या घड्याळाची, पण ती इथल्या घड्याळात बसवायला मला किती वेळ लागणार? दहा चाळीस. मी अकराला फोन केला होता. लोक आत चढत होते तेव्हा.

मी टेबलाशी बसले आणि एक पाकीट उलटं करून लिहायला लागले. चावीचा एक तास, गेला. घरापासून गेटपर्यंत पाच तास, तेही गेले. उरले पंचवीस. बाबा सत्तावीस तास होते.

दोन तास. पोचून वर दोन तास. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं. बत्तीस वर्षं सगळ्या जगाला विचारतेय, "कुठून कुठे?" आणि माझ्याच भावाला मी विचारलं नाही की बाबा रे, तू आत्ता आहेस कुठे. मी त्याला त्याच्या घरात धरलं, पायात चपला नसलेला, चावी शोधणारा. आणि गणित सुरू केलं.

ढब्बू आला तेव्हा पास टेबलावर होता. त्यानं तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुला कळतं ते काय आहे."

"तू गेटवर होतास."

"हो."

"मग बोलला का नाहीस? एक शब्द! 'ताई, मी गेटवर आहे.' एवढं म्हणायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं?"

तो समोरच्या खुर्चीवर बसला. "आदल्या दिवशी तू कळवलंस ना, तेव्हाच तिकीट काढलं. इंटरनेटवर."

मला आधी अर्थच लागेना.

"तू चिडशील म्हणून सांगितलं नाही," तो म्हणाला. "म्हटलं, एकदम दारात उभा राहीन, मग काय बोलशील ते बोल. तुझा फोन आला तेव्हा मी पळत बाथरूममध्ये गेलो, मागच्या घोषणा तुला ऐकू जाऊ नयेत म्हणून. आणि तू म्हणालीस, एकतीस."

"अरे गाढवा," मी म्हणाले, "तुला वजाबाकी येत नाही?"

"येते. तिथे बाथरूममध्ये उभं राहून केली. पंचवीस आले. डॉक्टर एक दिवस म्हणतायत. म्हणजे कदाचित, कदाचित नाही." तो हाताच्या बोटांकडे बघत होता. "ताई, खरं सांगू? तू 'नको येऊस' म्हणालीस आणि मला हलकं वाटलं. मला भीती वाटत होती. पंचवीस तास खुर्चीत बांधून बसायचं, आणि उतरल्यावर कळायचं. किंवा त्याहून वाईट, ते असायचे आणि चार वर्षांचं विचारायचे. तू नको म्हणालीस, मी ते धरून बसलो. बाहेर आलो तर माझं नाव पुकारत होते. तीनदा पुकारलं. मी बाकावर बसून ऐकलं."

मी लिहिलेलं पाकीट त्याच्याकडे सरकवलं.

"आणि नंतर तू सांगितलंस, दुपारी दोन. मी हिशेब केला. म्हटलं, हे ताईला कळता कामा नये. कळलं तर ती स्वतःला खाईल. म्हणून आलो नाही. तुझ्यासमोर बसलो असतो तर दोन मिनिटांत ओकलो असतो सगळं."

नऊ वर्षं हा तिकडे दोन तास घेऊन बसला होता आणि मी इकडे चार. मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. मी रडले, अगदी भोकाड पसरून, साठीला आलेल्या बाईला शोभणार नाही असं. मग त्याला सगळं सांगितलं, दवाखान्यातलं. चावी, टॅक्सी, रांग, समुद्र. त्यानं मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"बाबा काय म्हणाले?"

"खिडकी मिळाली का त्याला, म्हणाले."

ढब्बूनं पास हातात घेतला, त्या 'चौतीस ए'वर अंगठा ठेवला, आणि मग तोही रडला. नळवाला दारात येऊन उभा होता. तो बिचारा म्हणाला, "मी उद्या येतो."

संध्याकाळी ढब्बू म्हणाला, "फाडून टाक तो."

"ते माझं काम नाही," मी म्हटलं. "ते गेटवरच्या माणसाचं काम आहे." पास मी नंतर माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कोऱ्या पाकिटांच्या खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. दारात म्हणाला, "पाकिटावर लिहिलं नाहीस."

मी पेन काढलं आणि लिहिलं, "घर ते घर, तीस."

"एक तास कमी का?"

"चावी तुझ्या बॅगेच्या पट्ट्याला दोरीनं बांधलीय. सोडू नकोस."

मी ऑफिसात गेले. समोर एक मुलगी बसली होती, वडिलांकडे जायचं म्हणून तिकीट काढायला आली होती. चेहरा उतरलेला. तिचं नाव टाइप करत होते तेवढ्यात फोन वाजला.

"ताई."

"कुठे आहेस?" मी आधी विचारलं.

"गेटवर." त्याच्या मागे बाई काहीतरी पुकारत होती, पोरं रडत होती, चाकांच्या बॅगा खडखडत होत्या. या वेळी तो बाथरूममध्ये गेला नव्हता. "चढायला सुरुवात झालीय."

"मग चढ की. माझ्याशी काय बोलत बसलास?"

"फोन ठेवू नकोस."

नाही ठेवला. रांग पुढे सरकताना ऐकत होते. कुणीतरी नमस्कार म्हणालं, कुणीतरी पासपोर्ट मागितला. मग टर्रकन कागद फाटला.

"ऐकलंस?" ढब्बूनं विचारलं.

"ऐकलं," मी म्हणाले. "जा आता. खिडकी आहे ना?"

"आहे."

फोन ठेवला तरी मला पुढचं दिसेना. समोरच्या मुलीनं माझाच पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग घाबरत घाबरत तिनं विचारलं, "बाई, मी पोचेन का?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "पण बॅग कुठे आहे तुझी?"

"खाली. टॅक्सीत."

म्हणजे घरातून निघालेलीच होती पोरगी. मी तिच्या पाकिटावर तिथपासूनचे तास लिहिले, नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हटलं, "जिना सावकाश उतर, पण थांबू नकोस."

दुपारी दोनला मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मालक पलीकडे जेवत होते. "बाबा," मी मोठ्यानंच म्हणाले, "आता समुद्रावर असेल."

मालकांनी मान वर केली. "कोण?"

"माझा भाऊ," मी म्हटलं. या वेळी खरंच होता.